नाकेदार कुणाचा?

लेकीच्या घरापासून दहा मिनिटं चाललं की एक रस्ता लागतो. त्याच्या मधोमध जो पट्टा आहे तो पांढरा नाही, पिवळाही नाही. तांबडा, पांढरा आणि निळा असा तिरंगी आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणाच्या निवडणुकीचं उरलेलं असेल. लेक म्हणाली, "बाबा, दर जूनमध्ये इथून मिरवणूक निघते. जहाज जाळल्याची."

"कुणाचं जहाज?"

"कस्टमवाल्यांचं."

मी तिथेच थांबलो. जकात वसूल करणाऱ्यांचं जहाज जाळलं म्हणून दरसाल उत्सव करणारं गाव! माझे थोरले काका असायला हवे होते. काकांनी तीस वर्षं ट्रक चालवला. मिरची, गूळ, कापड, मिळेल तो माल. त्यांच्या आयुष्यातला निदान एक दशमांश वेळ जकात नाक्यावर बिलटी हातात धरून उभं राहण्यात गेला असेल. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा नाक्यावरचा कारकून त्यांना नावाने ओळखायचा. भांडण व्हायचं, शिव्या व्हायच्या, मग चहा व्हायचा. पुढे जकातवसुली ठेक्याने दिली गेली आणि नाक्यावर परगावची पोरं येऊन बसली. पावती तीच, दर तोच. पण काका त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, "नाकेदार गावचा असला की शिवी देता येते. परका असला की सलाम ठोकावा लागतो."

हे वाक्य मी विसरून गेलो होतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात सहा महिने काढायला आलो आणि ते पुन्हा आठवलं, तेही अडीचशे वर्षं जुन्या एका भांडणामुळे.

जहाजाची गोष्ट आधी सांगतो, कारण इथे तीच सगळे सांगतात. जहाजाचं नाव गॅस्पी. ब्रिटिश आरमाराचं, चोरटा माल पकडण्यासाठी नॅरागॅन्सेटच्या खाडीत फिरणारं. त्याचा कप्तान डडिंगस्टन हा लेफ्टनंट येणारीजाणारी प्रत्येक होडी अडवायचा. ९ जून १७७२ला हॅना नावाच्या छोट्या जहाजाचा पाठलाग करता करता गॅस्पी उथळ पाण्यात रुतलं. भरतीची वाट पाहण्याखेरीज त्याला इलाज नव्हता. प्रॉव्हिडन्सचा बडा व्यापारी जॉन ब्राउन याने होड्या जमवल्या. रात्री माणसं निघाली, डडिंगस्टनला गोळी घातली (तो वाचला), खलाशांना किनाऱ्यावर उतरवलं आणि जहाज पेटवून दिलं. राजाने बक्षीस लावलं, चौकशी आयोग नेमला. अख्ख्या गावात कुणी काही पाहिलंच नव्हतं. आपल्याकडच्या कुठल्याही गावाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

या लोकांना जकातीचं एवढं वावडं का होतं, याचं उत्तर मला एका शब्दात सापडलं: मळी. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला मळी समजावून सांगायला नको. कारखान्याच्या मागे तिचा वास, आणि तिचं पुढे काय होतं तेही ठाऊक. ऱ्होड आयलंडचं पोट या मळीवर होतं. जमीन तुटपुंजी, खडकाळ. पण बंदरं उत्तम. वेस्ट इंडीजच्या बेटांवरून मळी आणायची, तिची रम गाळायची आणि रम जगभर विकायची. १७६४ साली इथल्या वसाहतीने लंडनला जे निवेदन धाडलं त्यात आकडे दिले होते: वर्षाला सुमारे १४,००० मोठी पिंपं मळी येते, त्यातली इंग्रजांच्या बेटांवरून जेमतेम २,५००. उरलेली फ्रेंचांकडून वगैरे, म्हणजे कायद्याने जिच्यावर जबर कर होता ती. तीसाहून जास्त भट्ट्या यावर चालत. याचा अर्थ असा की चोरटा व्यापार हा इथे गुन्हा नव्हता, धंद्याची रीत होती.

आणि रम कुठे जायची? बरीचशी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिच्या बदल्यात माणसं घेतली जायची. अठराव्या शतकात आणि त्याच्या पुढेमागे या एवढ्याशा राज्यातून गुलामांच्या व्यापारासाठी नऊशेवर सफरी झाल्या. मिरवणुकीच्या पट्ट्यावरून चालताना ही गोष्ट मनातून काढता येत नाही. काढू नयेही.

तर राजाचं जहाज जाळून झालं, युद्ध झालं, राजा जवळजवळ हरला. आता गोष्टीचा तो भाग, ज्याची मिरवणूक निघत नाही.

३ फेब्रुवारी १७८१ला काँग्रेसने (म्हणजे तेव्हाच्या तेरा राज्यांच्या सभेने, आपली नव्हे) राज्यांकडे एक मागणी केली. बाहेरून येणाऱ्या मालावर पाच टक्के जकात आम्हाला बसवू द्या, तिच्यातून युद्धाचं कर्ज फेडू. पाच टक्के. लाकडी टेबलावर मूठ आपटावी असा हा आकडा नव्हे. पण काँग्रेसची अवस्था भिक्षेकऱ्यासारखी होती. तिला स्वतःहून एक पैचाही कर लावता येत नव्हता. ती राज्यांना वर्गणी मागायची आणि राज्यं गणपतीच्या वर्गणीला दार न उघडणाऱ्या शेजाऱ्यासारखी वागायची. १७८२ सालासाठी ८० लाख डॉलर मागितले होते. वर्षअखेर हाती आलं ते त्याच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. सैनिकांचे पगार थकलेले, फ्रान्सचं आणि हॉलंडचं कर्ज डोक्यावर. खजिन्याचा कारभारी रॉबर्ट मॉरिस पत्रांवर पत्रं लिहून थकला होता.

जकात बसवायला तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी होती. आपल्याकडे जीएसटीची घटनादुरुस्ती झाली तेव्हा निम्म्या विधानसभांचा होकार पुरेसा होता. इथे एकाने मान हलवली नाही की संपलं. आणि मान न हलवणारा सर्वांत लहान होता. १ नोव्हेंबर १७८२ला ऱ्होड आयलंडच्या सभागृहात मतदान झालं: विरोधात ५३, बाजूने शून्य.

५३ विरुद्ध शून्य! कुणीही, एकानेही, "बघू या तरी" म्हटलं नाही.

सभापती विल्यम ब्रॅडफर्ड याने काँग्रेसला जे कळवलं त्यात तीन कारणं होती. पहिलं सरळ पोटाचं: जकातीचा बोजा व्यापारी राज्यांवर जास्त पडेल, आणि आम्ही तर व्यापारावरच जगतो. तिसरं जरा खोल होतं: किती काळ, किती रक्कम, कशावर खर्च याचा काही हिशेब न देता काँग्रेसला पैसा मिळू लागला की ती आपल्या मालकांना, म्हणजे राज्यांना, जुमानणार नाही. पण माझी नजर अडकली ती दुसऱ्या कारणापाशी. या जकातीमुळे आमच्या राज्यात असे अधिकारी येतील जे आम्हाला अनोळखी असतील आणि आम्हाला उत्तरदायी नसतील.

काकांना हे कुणी इंग्रजीतून ऐकवलं असतं तरी कळलं असतं.

या विरोधाचा मेंदू होता डेव्हिड हॉवेल. इथल्या कॉलेजात (पुढे त्याचं ब्राउन विद्यापीठ झालं) शिकवणारा मास्तर आणि काँग्रेसमधला ऱ्होड आयलंडचा प्रतिनिधी. त्याचं म्हणणं असं की कर्ज फेडायचंच तर पश्चिमेकडे ज्या राज्यांचे अफाट जमिनींवर हक्क आहेत, त्यांनी त्या जमिनी सामाईक कराव्यात आणि विकून पैसे उभे करावेत. ऱ्होड आयलंडकडे अशी गुंठाभरही जमीन नव्हती. समुद्र तेवढा होता. तुमची जमीन तुमची, आमचा समुद्र मात्र सगळ्यांचा, हा कुठला न्याय? हा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो. त्यातला स्वार्थ दिसत असूनही.

हॉवेलला गप्प करण्यासाठी मॉरिसने मोठं शस्त्र काढलं: टॉमस पेन. राजाविरुद्ध अख्ख्या देशाला पेटवणारी लेखणी आता सरकारी पगारावर करवसुलीची वकिली करणार होती. पेन प्रॉव्हिडन्सला आला, इथल्या वर्तमानपत्रात त्याची सहा पत्रं छापून आली. लोकांनी त्याला भाडोत्री म्हटलं. बिचाऱ्याची कीव येते. ज्या लोकांना तुम्ही सत्तेवर संशय घ्यायला शिकवलंत त्यांनी तो तुमच्यावरही घेतला, तर तक्रार कुणाकडे करायची?

मग काँग्रेसने तीन सभासदांचं शिष्टमंडळ पाठवायचं ठरवलं. डिसेंबरच्या थंडीत ते फिलाडेल्फियाहून निघालं. अर्धा दिवस प्रवास झाला असेल. गप्पांच्या ओघात त्यातले एक, नॉर्थ कॅरोलायनाचे नॅश, सहज बोलून गेले की काँग्रेसमधल्या व्हर्जिनियाच्या मॅडिसनला म्हणे व्हर्जिनियाहून खाजगी पत्र आलंय. व्हर्जिनियाने दिलेली संमती परत घेतली. बाकीचे दोघे बघतच राहिले असणार. "सगळे तयार आहेत, तुम्हीच तेवढे अडलात" हे सांगायला तर ते चालले होते! घोडे वळवले आणि माघारी आले. हा प्रसंग मॅडिसनच्या टिपणांत आहे. मला तो फार आवडतो. नॅश आधी का बोलले नाहीत? निघण्याआधी बोलले असते तर थंडीतला अर्धा दिवस तरी वाचला असता.

त्यानंतर जे झालं ते भराभर सांगतो. पगार थकलेल्या सैन्यात १७८३च्या मार्चमध्ये बंडाची कुजबुज झाली, ती वॉशिंग्टनने शांत केली. एप्रिलमध्ये काँग्रेसने जकातीचा नवा मसुदा काढला, आणि तो वाचून मला हसू आलं, कारण त्यातली मुख्य सवलत नेमकी नाकेदाराबद्दल होती. मुदत पंचवीस वर्षांची. वसुली अधिकारी नेमायचे राज्यांनी, काढून टाकायचा हक्क मात्र काँग्रेसचा. या वेळी ऱ्होड आयलंडने कुरकुरत, अटी घालत शेवटी हो म्हटलं. अडलं ते न्यू यॉर्क. त्याच्या बंदरातून शेजारच्या कनेक्टिकटचा आणि न्यू जर्सीचा माल उतरत होता आणि त्यावरची जकात न्यू यॉर्कच्या तिजोरीत पडत होती. दुभती म्हैस दावणीला असताना तिला पांजरपोळात कोण देईल? न्यू यॉर्कने १७८६ साली होकार दिला तो असा की अधिकारी आमचे, आम्हालाच बांधील, आणि जकात आमच्या कागदी चलनातही भरता येईल. काँग्रेसला ते चालेना. गव्हर्नर क्लिंटनला म्हटलं, विधानसभेचं खास अधिवेशन बोलवा; त्याने बोलावलं नाही. पुढच्या वर्षी न्यू यॉर्कच्याच हॅमिल्टनने तिथल्या सभागृहात लांबलचक भाषण केलं, ते ऐकून घेऊन सभासदांनी पुन्हा नाही म्हटलं.

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याला फोनवर मॅडिसनची उपमा सांगितली: न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्यामध्ये सापडलेलं न्यू जर्सी म्हणजे दोन्ही तोंडांना तोटी लावलेलं पिंप. तो म्हणाला, "मामा, टोल भरतो मी रोज. अजून तसंच आहे."

१७८७ साली फिलाडेल्फियाला नवी राज्यघटना लिहायला सगळे जमले. एक राज्य आलंच नाही. कुठलं ते सांगायला नको. वर्तमानपत्रं त्याला आता 'रोग आयलंड' म्हणू लागली, म्हणजे लबाडांचं बेट. मराठी कानाला ते आणखीच झोंबतं. राज्यघटनेत कलम आलं की आयात-निर्यातीवर कुठल्याही राज्याने परस्पर जकात लावायची नाही. ऱ्होड आयलंडने ती राज्यघटना थेट जनतेपुढे मतदानाला ठेवली: बाजूने २३७, विरोधात २,७०८. बाजूच्या बऱ्याच जणांनी मतदानावर बहिष्कार घातला होता हे खरं, पण आकडा बोलायचं ते बोलतो.

आता इथे एक गंमत झाली होती, तिच्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं. १७८२ साली जकातीविरुद्ध ओरडणारे होते बंदरातले व्यापारी. आता विरोध करत होते खेड्यांतले शेतकरी. १७८६ साली शेतकऱ्यांचा पक्ष सत्तेवर आला होता, त्याने कागदी नोटा भरमसाट छापल्या होत्या, राज्याचं कर्ज त्या नोटांनी फेडायला घेतलं होतं. राज्याची स्वतःची जकात खजिन्यात येत होती, तेवढा जमिनीवरचा कर हलका होत होता. व्यापारी मात्र आता संघराज्यात शिरायला उतावीळ झाले होते. भूमिका तीच, "परक्यांना आमच्यात नको". बोलणारी तोंडं बदलली. माझ्या पिढीने आपल्याकडे हे इतक्या वेळा पाहिलंय की उदाहरणं देत बसत नाही.

४ जुलै १७८९ला वॉशिंग्टनने पहिल्या राष्ट्रीय जकातीच्या कायद्यावर सही केली. मळीवर गॅलनला अडीच सेंट. ऱ्होड आयलंड बाहेरच होतं, म्हणजे परदेश. त्याच वर्षी वसुलीचे जे कायदे आले त्यांत एक कलम खास या राज्यासाठी आणि नॉर्थ कॅरोलायनासाठी होतं: तिथे बनलेली रम, साखर आणि चॉकलेट अमेरिकेत आलं तर परदेशी माल धरून जकात घ्यावी. कायद्यात चॉकलेट! प्रॉव्हिडन्सच्या कुणा चॉकलेटवाल्याने ते कलम वाचलं असेल तेव्हाचं तोंड मला दिसतं. राज्याने विनवणी केली की आम्हाला अगदीच परके धरू नका. मुदत थोडी वाढली. नॉर्थ कॅरोलायना नोव्हेंबरमध्ये आत शिरलं. त्या शरदात वॉशिंग्टन न्यू इंग्लंडच्या दौऱ्यावर आला तेव्हा त्याने या राज्याला वळसा घातला. १७९०च्या मेमध्ये सिनेटने ऱ्होड आयलंडशी व्यापारच तोडायचं विधेयक संमत केलं. प्रॉव्हिडन्स म्हणू लागलं, तुम्ही जात नसाल तर आम्ही राज्य सोडून जातो. २९ मेला न्यूपोर्टमध्ये मतदान झालं: ३४ विरुद्ध ३२. दोन मतांनी एक राज्य राष्ट्रात आलं. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन आवर्जून येऊन गेला.

जूनमध्ये नाकेदारांच्या नेमणुका झाल्या होत्या.

ज्या परक्या अधिकाऱ्याच्या भीतीने आठ वर्षं घालवली, तो आलाच नाही. न्यूपोर्टला कलेक्टर झाला विल्यम एलरी. न्यूपोर्टचाच जन्म, आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेल्या छपन्न जणांपैकी एक. म्हणतात की सह्या होत असताना तो मुद्दाम टेबलाजवळ उभा राहिला होता, मरणाच्या हुकमावर सही केल्यासारखी ती सही करताना कुणाचा चेहरा कसा होतो ते पाहायला. (हॉवेलही मागे राहिला नाही, १८१२ साली तो याच राज्यात संघराज्याचा न्यायाधीश झाला.)

मागच्या शनिवारी लेकीने ब्रिस्टलला नेलं. तिथेही रस्त्याच्या मधोमध तोच तिरंगी पट्टा; हे गाव १७८५पासून ४ जुलैचा उत्सव अखंड करतंय. रस्त्यालगत डीवुल्फ घराण्याचा पांढरा प्रासाद आहे, खांब असे की मान वर करावी. पैसा गुलामांच्या व्यापारातला. परदेशांशी हा व्यापार करायला १७९४च्या कायद्याने अमेरिकन जहाजांना बंदी होती, पण कायदा राबवणार कोण? एलरी. ब्रिस्टल त्याच्या हद्दीत होतं आणि तो हट्टी होता. जहाज पकडायचं, जप्त करायचं, लिलाव करायचा. लिलावात मालकाविरुद्ध कुणी बोली लावायचं नाही आणि मालक आपलंच जहाज कवडीमोलाने परत न्यायचा. म्हणून १७९९ साली चार्ल्स डीवुल्फचं लूसी जहाज लिलावाला आलं तेव्हा सरकारच्या वतीने बोली लावायला ब्रिस्टलच्याच एका कस्टम अधिकाऱ्याला सांगितलं गेलं. सॅम्युएल बॉसवर्थ त्याचं नाव. आदल्या रात्री त्याच्या घरी काही थोर मंडळी समजूत घालायला आली. त्यांत प्रॉव्हिडन्सचा जॉन ब्राउन होता. तोच, गॅस्पी जाळणारा. १७९४च्याच कायद्याखाली स्वतःचं एक जहाज गमावून बसलेला, आणि आता काँग्रेसचा सभासद.

बॉसवर्थ घाबरला होता, तरी सकाळी लिलावाला निघाला. वाटेत रेड इंडियनांचे वेष केलेल्या लोकांनी त्याला उचललं, होडीत घातलं आणि दूर नेऊन सोडलं. तो चालत परत येईपर्यंत लूसी दहा डॉलरला डीवुल्फच्या माणसाकडे गेलं होतं.

त्यानंतर सरकारने पुन्हा बोली लावायचा प्रयत्न केला नाही. १८०१ साली ब्रिस्टलसाठी न्यूपोर्टपासून वेगळा कस्टम विभाग झाला. म्हाताऱ्या एलरीचा हात आता तिथवर पोचत नव्हता. तो न्यूपोर्टमध्ये आपली वही लिहीत राहिला, ब्याण्णवाव्या वर्षी मरेपर्यंत. आणि १८०४ साली राष्ट्राध्यक्ष जेफर्सनने ब्रिस्टलला कलेक्टर नेमला चार्ल्स कॉलिन्स. स्वतः गुलामांच्या जहाजांत पैसा घातलेला, जेम्स डीवुल्फचा मेव्हणा.

प्रासादासमोरच्या बाकावर बसून मी हे लेकीला सांगत होतो. ती म्हणाली, "म्हणजे बाबा, आजोबाकाका म्हणायचे तसा गावचाच नाकेदार मिळाला की."

मी म्हटलं, "हो. त्याला शिवीही द्यावी लागली नसेल कुणाला."